थंडीचं गाऱ्हाणं

"आज दिवसभर गोठणारा पाऊस, उद्या उणे चोवीस," कमलाने मोबाइलवर बघून वाचलं. मोठ्याने वाचलं, आणि मुद्दामच.

"बंद कर ते!" परशुराम पडवीतून गरजला. "तिकडची हवा मला सांगू नकोस. इथे जानेवारी उजाडला तरी थंडी पडायला तयार नाही. आंब्याच्या कलमांना मोहोर यायचा तर पालवी फुटतेय. आणि हिला उणे चोवीसचं कौतुक!"

"कौतुक कसलं हो? पाऊस पडतो आणि पडल्या जागी त्याचा बर्फ होतो. बर्फाच्या वजनाने विजेच्या तारा तुटल्यात. कालपासून वैदेहीकडे..."

"नाव काढू नकोस!"

कमलाने नाव पुन्हा काढलं नाही. तिने फक्त लेकीचा शेवटचा मेसेज वाचून दाखवला. वीज गेली. घर गार पडलंय. बाळाला आमच्या कोटांत गुंडाळून बसलोय. त्यानंतर फोन लागत नव्हता.

"मग मी काय करू? कॅनडात जाऊन शेकोटी पेटवू?" असं म्हणून परशुरामने खांद्यावर पंचा टाकला, पायात वहाणा सरकवल्या आणि तो तरातरा देवळाकडे निघाला.

राग तीन वर्षांचा होता, आणि तो तसाच ताजा होता. वैदेही दापोलीला शेतीचं शिकून आली तेव्हा बापाने पूर्णगडपासून रत्नागिरीपर्यंत भेटेल त्याला सांगितलं होतं, की आता बाग माझी लेक बघणार. आणि लेकीने काय केलं? हर्षदशी लग्न केलं आणि चालली कॅनडाला! परशुरामने त्याच दिवशी बजावलं, या घरात तिचं नाव निघायचं नाही. पाच महिन्यांपूर्वी नातू झाला. कमलाने पेढा पुढे केला, तर हा पठ्ठ्या ताटावरून उठून गेला.

भैरीच्या देवळात अख्खी वाडी जमली होती. सकाळी दहालाच माणसं घामाघूम झाली होती. यंदा सगळ्यांच्या बागांचं एकच रडगाणं. आठ-दहा दिवसांत गारठा आला नाही तर हंगाम बुडाला म्हणून समजा. तेव्हा देवाला गाऱ्हाणं घालायचं ठरलं होतं, थंडी पाड म्हणून. गाऱ्हाण्याचा मान परशुरामच्या घराण्याचा. त्याने नारळ हातात घेऊन देवापुढे मागणं मांडायचं आणि त्याच्या दर वाक्याला सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, ही इथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत.

गुरवाने नारळ हातात दिला. परशुरामने घसा खाकरला.

"बा भैरी म्हाराजा! तुझी लेकरं आज तुझ्या पायाशी आली आहेत."

"व्हय म्हाराजा!"

"काही चुकलं-माकलं असेल तर पदरात घे."

"व्हय म्हाराजा!"

आता थंडीचं मागायचं. परशुरामने मान वर केली, तर खांबापाशी कमला उभी. मागोमाग कधी आली कोण जाणे. तिने पुन्हा फोन लावला, कानाशी धरला आणि त्याच्याकडे बघून लागत नाही अशी मान हलवली. परशुरामचा संताप उसळून आला.

"थंडी आम्ही मागतोय आणि तू ओततोयस कुठे?" तो देवावर ओरडला. "डोळे फुटले काय तुझे?"

"व्हय म्हाराजा!" वाडी सवयीने म्हणून गेली.

"पाच महिन्यांचं पोर आहे रे त्या घरात! त्याने तुझं काय घोडं मारलंय? माझ्या वैदेहीच्या घरातली ती थंडी उचल! आत्ताच्या आत्ता उचल!"

"व्हय म्हाराजा!"

म्हणून झाल्यावर माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. घातलेलं गाऱ्हाणं मागे घेता येत नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. थंडी मागायला आलेल्या वाडीने एकमुखाने थंडी उचलायला सांगितलं होतं! गुरवाने कपाळावर हात मारला.

गर्दीतून धोंडू पुढे घुसला. वाडीत त्याची कलमं सगळ्यांत जास्त, आणि जीभही सगळ्यांत तिखट. "अवो भाऊ, काय मागितलात ह्या? आमच्या कलमांचा काय?"

"खड्ड्यात गेली कलमं!" परशुराम त्याच्या अंगावर धावून गेला. "माझी पोर गारठतेय तिकडे, आणि तू मला कलमं सांगतोस?"

धोंडूने परशुरामकडे बघितलं. मग खांबापाशी पदराने डोळे पुसणाऱ्या कमलाकडे बघितलं. शेवटी हात जोडून तो मूर्तीकडे वळला.

"मग ठावठिकाणा नीट सांगा की त्याला," तो डाफरला. "क्यानडा केवढा मोठा! देवाने पोरीला शोधायचा कुठे?"

परशुरामने डोळे मिटले आणि एका दमात सांगून टाकलं. शहर, रस्ता, इमारतीचा नंबर, तिसरा मजला, आणि तो अक्षरं-आकडे मिसळलेला तिकडचा पिनकोड, जो कमलाला अजूनही डायरीत बघून लिहावा लागत होता.