कोकिळाबाईंचा सातवा धडा

मोबाईलने परत विचारलं, "व्हॉट इज युअर हजबंड्स नेम?" आणि कोकिळाबाई परत पदर सावरून गप्प बसल्या.

चहाच्या डब्याला टेकवलेल्या त्या मोबाईलमध्ये एक गोरी बाई होती. चित्रातलीच, पण भारी चिकाटीची. उत्तर आलं नाही की ती लाल फुली दाखवायची आणि तोच प्रश्न नव्याने विचारायची, वर हसायचीसुद्धा.

पडद्याच्या कोपऱ्यातून संघमित्रा मॅडम बघत होत्या. त्या धुळ्याला कॉलेजात इंग्रजी शिकवतात आणि संध्याकाळी चाळीसगावकडच्या खेड्यांतल्या बायकांचे असे ऑनलाइन वर्ग घेतात.

"अक्का, सहा धडे तुम्ही धडाधड केले. मग इथेच काय अडलं?"

कोकिळाबाईंनी नुसती दाराबाहेरच्या ओट्याकडे मान वळवली. ओट्यावर त्यांचे मालक शेंगा फोडत बसले होते. सगळं गाव त्यांना आबा म्हणतं. त्यांचं खरं नाव आपणही जरा थांबून घेऊ, कारण कोकिळाबाईंनी ते अख्ख्या संसारात सरळ कधी घेतलेलं नाही. त्यांनी मघाशी 'भूषणचे बाबा' म्हणून पाहिलं होतं, फुली आली. नुसतं 'ते' म्हणूनही पाहिलं. गोऱ्या बाईला तेही पटलं नाही.

भूषण म्हणजे त्यांचा मुलगा. तो पोलंडमध्ये नोकरीला आहे आणि त्याने तिथलीच मुलगी पसंत केली आहे. उद्या तिची आई व्हिडिओ कॉलवर येणार होती. त्या बाईलाही इंग्रजी येत नव्हतं. तीही तिकडे असाच मोबाईल समोर ठेवून शिकत होती म्हणे. लग्नाचं आवतन विहिणीने विहिणीला स्वतःच्या तोंडाने द्यायचं, त्यात पोराने मधे लुडबुडायचं नाही, यावर कोकिळाबाई अडून बसल्या होत्या. आवतनाचा धडा आठवा होता, आणि सातवा झाल्याशिवाय आठव्याचं कुलूप निघत नव्हतं.

"ली टाक नाव," आबा ओट्यावरून म्हणाले. "मी काही मरत नही."

"तुम्ही गप बठा."

मॅडमनी घड्याळ पाहिलं. "अक्का, असं करा. दुसरं कुठलंही नाव सांगून टाका. मशीनला काय कळतंय?"

कोकिळाबाईंनी मोबाईल दोन्ही हातांनी उचलून तोंडासमोर धरला. मॅडमचं डोकं ठिकाणावर आहे ना, हे त्यांना नीट बघायचं होतं.

"दुसरं नाव? नवराना जागावर?"

संघमित्रा मॅडम स्वतःच्या नवऱ्याला नावाने हाक मारतात, त्यामुळे ही अडचण त्यांना नवीच होती. त्यांनी चाचरत विचारलं, "मग लग्नाकार्यात कसं घेता हो?"

"तठे उखाणामा लेतस."

म्हणजे नाव घेता येत होतं, नुसतं घेता येत नव्हतं. कोकिळाबाईंच्याही हे तेव्हाच ध्यानात आलं असावं, कारण त्यांनी मोबाईल परत डब्याला टेकवला आणि डोळे मिटले. ओठ हलू लागले. फळांचा धडा झाला होता, रंगांचा झाला होता, ख्यालीखुशालीचा झाला होता. त्यातलं काय काय कामाला येतंय ते त्या चाचपत होत्या. गावात हळदीला बायका नाव घ्यायला आधी त्यांनाच पुढे करतात, ते काही उगीच नाही.

गोऱ्या बाईने हसून प्रश्न विचारला. कोकिळाबाईंनी घसा खाकरला आणि मांडवात बसल्यासारख्या ताठ बसून म्हणाल्या,

"बनाना इज येलो, कॉटन इज व्हाइट,
माय हजबंड नेम इज सुपडू, एव्हरीथिंग ऑल राइट."

मोबाईल थोडा वेळ विचारात पडला. मग टिंग वाजलं, हिरवी खूण उमटली आणि आठव्या धड्याचं कुलूप निघालं. तिकडे धुळ्यात संघमित्रा मॅडम टाळ्या वाजवत होत्या. कोकिळाबाईंनी पदरात तोंड लपवलं, पण हसू काही त्यात मावत नव्हतं. फार बरं वाटत होतं त्यांना. ओट्यावरचा शेंगा फुटण्याचा आवाज मात्र बंद पडला होता.

"चहा पिऊन या अक्का, मग आवतनाचं करू," असं म्हणून मॅडमनी कॉल ठेवला.

कोकिळाबाई आत गेल्या. आधण ठेवलं, आलं ठेचलं. उद्या विहिणीला नवऱ्याचं नाव असंच सांगायचं, त्यांनी ठरवून टाकलं. तेवढ्यात बाहेरून त्यांचाच आवाज आला. बनाना इज येलो. त्यांना वाटलं मोबाईलचं काही बिघडलं. मग तो परत आला, आणि परत.

त्या सांडशी हातात घेऊनच दारात आल्या. आबांनी मोबाईल कानाला लावला होता. मांडीवरची टरफलं खाली सांडली होती, त्यांचं त्यांना भान नव्हतं.

"काय चालनं हाई?"

आबा दचकले. मग त्यांनी पडदा बायकोपुढे धरला आणि हिरव्या खुणेखालच्या मराठी अक्षरांवर बोट ठेवलं.

"मी काय करू? आठे लिखेल शे ना, 'पुन्हा ऐका'."

आणि ते बोट त्यांनी तिथेच दाबलं.