मनोऱ्याची किल्ली

"आपल्या घरातला एक तरी मुलगा गाव सोडून गेलेला दाखव. मग तूही जा, मी अडवणार नाही," बाबा म्हणाले आणि पुन्हा किल्ली फिरवायला लागले.

चौकातल्या मनोऱ्यावरच्या घड्याळाला रोज सकाळी किल्ली द्यावी लागे. ती देणाऱ्या घराचं आडनाव खाली दगडात कोरलं होतं आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याच आडनावाचा माणूस ते लोखंडी हँडल फिरवत आला होता. किल्ली चुकवायची नाही, म्हणजे गाव सोडायचं नाही. ना कुणाच्या लग्नाला मुक्काम, ना चार दिवस हवापालट. आता बाबांचे खांदे धरले होते. आणि नेमकी आत्ताच धाकट्याला बंदरावरच्या कारखान्यात नोकरी लागली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं.

त्याला सगळे धाकटाच म्हणत. थोरले म्हणजे अर्थातच बाबा. आई-बाबांच्या उतारवयातलं मूल. आई शाळेतून न्यायला आली की पोरं ओरडायची, तुझी आजी आली! तेव्हा त्याला रडू यायचं. आई जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती. घड्याळाच्या खोलीत दाराच्या चौकटीवर त्याच्या उंचीच्या खुणा होत्या, कमरेपासून वर. त्याआधी तू एका जागी उभा राहायचाच नाहीस, असं बाबा सांगत.

बाबांनी अट घातली आणि धाकट्याने तडक आत्याचं घर गाठलं. बाबांची ही थोरली बहीण. कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. ती उशीचा अभ्रा शिवत बसली होती. आपल्या घराण्यातलं कुणी कधी पळून-बिळून गेलं होतं का, असं त्याने सरळच विचारलं.

आत्याची सुई थांबली.

"कुणी? अरे, सगळेच गेले."

तिचा सख्खा भाऊ मिसरूड फुटायच्या आत जहाजावर चढला, तो परत फिरकलाच नाही. मग तिच्या वडिलांनी बेकरीवाल्याचं सगळ्यात लहान पोर घरी आणलं, त्याच्या हातात किल्ली दिली आणि त्या दिवसापासून आडनावही दिलं. तेच धाकट्याचे बाबा. तिचे वडील स्वतःही असेच आणलेले, दोरखंड वळणाऱ्याच्या घरातून. त्यांच्या आधीचेही तसेच. रक्ताचा म्हणून मनोऱ्यात कुणी टिकलाच नव्हता. टिकलं होतं ते आडनाव.

धाकट्याने विचारलं, आणलेले का नाही गेले?

"सख्ख्याला भांडून जाता येतं रे. दार आपटून गेला तरी तो मुलगाच राहतो. आणलेल्याने कुठल्या तोंडाने जायचं? खाल्लेला प्रत्येक घास पायात येतो."

तिने सुईत नवा दोरा ओवला. बॅग भरायच्या आधी बाबांशी नीट बोल, एवढंच वर म्हणाली.

परतताना धाकट्याचे पाय जमिनीला लागत नव्हते. सुटलो एकदाचा! पण चौकात आल्यावर मनोऱ्याकडे नजर गेली आणि त्याला भडभडून आलं. बिचारे बाबा. परक्या घराचे उपकार फेडता फेडता म्हातारे झाले, आणि अवाक्षर काढलं नाही कधी. त्यांना लागेल असं बोलायचं नाही, असं त्याने ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वर गेला तेव्हा किल्ली निम्मी झाली होती. बाबा धापा टाकत होते.

"आत्याने सगळं सांगितलं, बाबा. तुमच्याबद्दलही. मला त्याचं काही नाही, तुम्ही माझे बाबाच. पण या घरातला सख्खा मुलगा एकही थांबलेला नाही. मग मलाच का अडकवता?"

बाबा रागावले नाहीत. त्यांनी हँडल सोडलं, घाम पुसला आणि चौकटीशी गेले. धाकट्याच्या खुणांवरून त्यांनी बोटं फिरवली. मग गुडघे धरून खाली वाकले. पार खाली, रंगाच्या थराखाली बुजलेली एक जुनी खूण होती. तिच्यावर त्यांनी हात ठेवला.

"खरं आहे," ते म्हणाले. "सख्खा एकही थांबला नाही. माझाही नाही थांबला."