बाप देव असेल तिथे

ग्रीक पुराणातला कोणता वीर प्राचीन तुर्कस्तानातल्या कोणत्या हित्ती राजाच्या काळात जगला असेल, याचा मेळ घालता घालता आईच्या नाकी नऊ आले होते. जेवणाच्या टेबलावर वंशावळ पसरून ती एकेक पिढी मागे मोजत होती आणि मध्येच एखाद्या नावावर काट मारत होती.

"या बिचाऱ्याला का उडवलंस?" समोर गृहपाठ करणाऱ्या लेकीनं विचारलं.

"तो देव आहे गं. हित्तींच्या मातीच्या पाट्यांवर खरे राजे आहेत, त्यांच्याशी खरी माणसंच जुळवायची. बाप देव निघाला की मोजणी तिथंच थांबवायची."

"मग देव घातलाच कशाला मध्ये?"

"खरा बाप सांगायचा नसला की लेकराला देवाचं नाव सांगून मोकळं व्हायचं. लेकरू खूश, शेजारी गप्प!" आई हसली.

लेकीनं पेन खाली ठेवलं. भिंतीवरच्या नकाशाच्या तळाशी असलेल्या पांढऱ्या पट्ट्याकडे ती बघत राहिली.

"आई, बाबा इतकी वर्षं खरंच दक्षिण ध्रुवावर आहेत?"

आईची पेन्सिल पुढच्या देवावर टेकली होती. तिच्यानं काटही मारवेना आणि मानही वर करवेना.