घरात बोललेलं वाक्य

"आठ झाली. नववं अडलंय," वडील म्हणाले.

ती त्यांच्या आठवड्याच्या गोळ्या सात खणांच्या डबीत भरत होती. तिने मान वर केली नाही.

टेबलावर नऊ कार्डं ओळीने मांडलेली होती. अर्थानुसार शब्द लावलेला एक कोश वडील आणि त्यांच्या सहसंपादक बाई बावीस वर्षं तयार करत होते. सध्याचा गट होता एखाद्या गोष्टीचा नव्याने विचार करण्याच्या क्रियापदांचा. मत बदलणे, मन वळणे, उमजणे, असे नऊ. प्रत्येकाखाली एक वाक्य, आणि त्या वाक्यासाठी वडिलांच्या तीन अटी. ते कोणीतरी बोललेलं हवं, दुसऱ्याने ऐकलेलं हवं आणि खरं हवं. कार्डाच्या मागे बोलणाऱ्याशी असलेलं नातं आणि तारीख. मनाने रचलेलं वाक्य म्हणजे त्यांच्या लेखी खोटी साक्ष.

"फेरविचार करणे," ते म्हणाले. "सभेतली, कचेरीतली वाक्यं ढिगाने आहेत. मला घरात बोललेलं हवंय."

"आपल्या घरात कोणी कधी फेरविचार केलाय? मग मिळणार कुठून?"

ते हसले. "हेच लिहू का?"

"लिहा की. लिहिण्यात तुमचा हात कोण धरणार?"

टोमणा कुठे लागला ते दोघांनाही कळलं. सात वर्षांपूर्वी आई दवाखान्यात होती. शेवटचा आठवडा. वडील तिच्या उशाशी बसून कार्डं लिहीत होते. लेकीने त्यांच्या हातातली पेन्सिल हिसकावून घेतली होती. "आई चाललीय आणि तुम्ही शब्द कसले गोळा करताय?" वडिलांनी खिशातून दुसरी पेन्सिल काढली.

तेव्हापासून ती दर रविवारी येत होती. किराणा भरत होती, औषधं आणत होती, पंख्याची जाळी पुसत होती. फक्त 'बाबा' अशी हाक तिने मारली नव्हती. हाकेवाचूनही घर चालतं.

"गुरुवारी दाताच्या डॉक्टरकडे जायचंय," ती निघताना म्हणाली. "तयार राहा. मागच्यासारखं चप्पल शोधत बसू नका."

"राहतो," वडील म्हणाले.

मंगळवारी सकाळी ते उठलेच नाहीत.

तीन आठवड्यांनी बाई कार्डांचे खोके न्यायला घरी आल्या. वडिलांच्याच खुर्चीत बसल्या, आणि यादी काढून एकेक गट ताडून पाहू लागल्या. "काय हे अक्षर तुझ्या बाबांचं! मुंगी शाईत बुडवून सोडली होती की काय!"

ती खोके बांधायला घेत होती. गटांत न लावता वेगळी ठेवलेली दोन-चार कार्डं तिने सरळ करायला उचलली.

उशी. "उशी जरा वर करा, तुम्ही दिसत नाही." मागे लिहिलं होतं, पत्नी. तारीख आईच्या शेवटच्या आठवड्यातली.

तिने दुसरं काढलं. जेवणे. "लेक जेवली का? विचारत बसू नका, वाढूनच द्या." तारीख तीच.

त्या आठवड्यात आई एक अक्षर बोलली नाही, असं ती सात वर्षं सगळ्यांना सांगत आली होती. ती यायची संध्याकाळी, ऑफिस सुटल्यावर. तेव्हा आईला ग्लानी असायची.

तिसरं कार्ड तिने दोनदा वाचलं. लिहिणे. "थांबलात का? लिहा, मी बोलतेय." मागे तारीख होती. तिने पेन्सिल ओढून घेतली त्याच्या आदल्या दिवसाची.

ती खाली फरशीवर बसली. मग त्यांनी हे सांगितलं का नाही? एवढं एक कार्ड पुढे केलं असतं, तर ती गप्प झाली असती. की नसती झाली?

"हे एक कोरंच आहे," बाई म्हणाल्या. नववं कार्ड त्यांच्या हातात होतं.

"त्यावर माझं वाक्य होतं. म्हणजे, ते लिहिणार होते."

"नाही लिहिलं. त्याच रविवारी मला फोन केला होता. म्हणाले, वाक्य मिळालं, पण घालता येत नाही. खरं नाही."

"खरं नाही म्हणजे?"

बाईंनी चष्मा काढला. "म्हणाले, मी केलाय फेरविचार. लेकीचं बरोबर होतं. कार्डं बाजूला ठेवून तिच्या आईचा हात धरायला हवा होता. मी म्हटलं, अहो, मग हेच घाला की! तर ऐकतील ते? म्हणे, तुम्हाला फोनवर सांगितलेलं चालायचं नाही, घरात बोललेलं हवं. गुरुवारी तिच्याशी बोलतो."

सात वर्षं ती ज्या बाजूला ठाण मांडून बसली होती, तिथे ते येऊन पोहोचले होते. आणि ती आत्ता, या फरशीवर, त्यांच्या बाजूला गेली होती. ते म्हणत होते तिचं बरोबर. आई म्हणत होती लिहा. आता कोणाचं खरं मानायचं? ज्याच्याशी वाद घालून हे ठरवायचं, तोच माणूस नव्हता.

"सोमवारी हा गट छापायला जातोय," बाई हलकेच म्हणाल्या. "हा शब्द गाळू?"

"नको."

"मग?"

ती उठून टेबलापाशी आली. बाईंनी कार्ड समोर ठेवलं आणि पेन्सिल उचलली.

"बाबा," ती म्हणाली, "मी फेरविचार केलाय. तुम्ही आईचं ऐकत होतात."