मतरकाकांची गाडी डोलते

“डोलतेय रे अजून!” मतरकाका खिडकीतून ओरडले आणि गाडी गॅरेजच्या दारात आणून उभी केली. दारात म्हणजे, दारापासून दोन हात बाजूला, भिंतीला जवळजवळ चिकटून.

हमूद मेकॅनिकनं कपाळाला हात लावला. तीन आठवड्यांतली ही तिसरी खेप. पहिल्या खेपेला त्यानं चाकं वळवणाऱ्या टाय रॉडची सगळी टोकं नवी टाकली होती. दुसऱ्या खेपेला स्टेअरिंग बॉक्स उघडून घट्ट केला, पुढच्या चाकांची बेअरिंगं बदलली. गाडी तीस वर्षांची, फोर-व्हील, हाडं खिळखिळी झालेली. पण आता तिच्या स्टेअरिंगमध्ये बोटभरही ढिला प्ले उरला नव्हता.

“काका, जॅकवर चढवून बघितली. चाक तसूभर हलत नाही.”

“म्हणजे मी खोटं बोलतोय? तू उंटांचा डॉक्टर व्हायला हवा होतास, हमूद. उंटानं निदान लाथ घालून सांगितलं असतं, कुठं दुखतंय ते.”

बाहेरच्या बाकावर कॉफी पीत बसलेले दोघे खो खो हसले. त्या बाकावर सकाळी बोललेलं दुपारच्या आत वाळवंटातल्या शेवटच्या वस्तीपर्यंत पोचत असे.

हमूदला मात्र हसू आलं नाही. याच गाडीतून काका रोज सकाळी तीन नातवंडांना शाळेत नेत. आधी वाळूचे चढउतार, मग डांबरी हमरस्ता ओलांडायचा, आणि त्यावर सुसाट धावणारे टँकर. काकांचा मुलगा दूर सलाला शहरात, फौजेत. पोरांचं काही बरंवाईट झालं तर शेवटचा पाना आपल्याच हातचा होता, या विचारानं हमूदची झोप उडाली होती.

“चला, मीच चालवून बघतो,” तो म्हणाला. काका शेजारी बसले.

गावामागच्या सपाट वाळूवर त्यानं वेग घेतला आणि दोन्ही हात सोडून दिले. गाडी सरळ. खड्ड्यातून काढली, ब्रेक दाबला, तरी सरळ. त्याला काही कळेना. त्यानं गाडी वळवून थांबवली आणि किल्ली काकांच्या हातात दिली.

“आता तुम्ही चालवा.”

काका निघाले. गाडी डावीकडे सरकली, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. हमूदची नजर आधी स्टेअरिंगकडे होती, मग काकांच्या हातांकडे गेली. हात घट्ट होते, जरासुद्धा कापत नव्हते. मग त्यानं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. काकांनी मान तिरकी केली होती. कोंबडी दाणा न्याहाळते तसे ते एका डोळ्याच्या कोपऱ्यातून रस्ता शोधत होते. समोर पाण्याचं एक निळं पिंप होतं, चांगलं कमरेएवढं. काकांनी वेग कमी केला नाही. हमूदनं झडप घालून स्टेअरिंग फिरवलं आणि पिंप दाराला घासून गेलं.

“बघितलंस?” काका धापा टाकत म्हणाले. “कशी खेचते ती!”

“सरका, परत मी नेतो,” हमूद म्हणाला.

गॅरेजपर्यंत त्यानंच गाडी आणली. सगळ्या वाटेवर तो मनातल्या मनात शब्द जुळवत होता आणि एकही जुळत नव्हता. मतर बिन सुवैदनं रात्रीच्या अंधारात, ताऱ्यांवर नजर ठेवून, चाळीस वर्षं लोकांना या वाळूतून पार नेलं होतं. त्या माणसाला तोंडावर म्हणायचं, की तुम्हाला दिसत नाही? मुलाला फोन करावा, तर तो तिकडे रडेल फक्त. बापाच्या हातातली किल्ली काढून घेणारा मुलगा या मुलखात अजून जन्मला नव्हता. सून, जुवैना, पिकअप घेऊन पाण्याला नि चाऱ्याला जाते, पुरुषांपेक्षा झकास चालवते. पण सासरा पोरांना नेतोय म्हटल्यावर ती कशी म्हणणार, द्या इकडे? सगळे एकमेकांकडे बघत बसतील आणि एक दिवस टँकर यायचा तो येईलच.

हमूदला स्वतःचा राग आला. सगळं सरळ करता येणारे हे हात, आणि आज त्यांचा काडीचा उपयोग नव्हता.

त्यानं गाडी उभी केली आणि उतरला. बाकावरचे दोघे कान टवकारून होते. पंचवीस वर्षांत जे वाक्य त्याच्या तोंडून कधीच निघालं नव्हतं, ते तो मुद्दाम मोठ्यानं बोलला.

“काका, माफ करा. ही गाडी माझ्याच्यानं होत नाही. खालचा सांगाडा, चासीच वाकलीय. आता रस्त्यावर काढू नका हिला. उद्यापासून पोरांना जुवैनाच्या पिकअपमधून जाऊ द्या.”

“हमूद हरला!” बाकावरून आरोळी आली. “अरे, लिहून ठेवा रे कुणीतरी, हमूद हरला!”

हमूदचे कान लाल झाले. तो खाली मान घालून हात पुसत राहिला.

मतरकाका हळूहळू उतरले. गाडीच्या कडेकडेनं हात फिरवत त्याच्याजवळ आले आणि चाचपडत त्याचा खांदा पकडला. बाकापर्यंत जाणार नाही इतक्या हळू आवाजात ते बोलले. आवाज ओला होता.

“तीन आठवडे याच एका वाक्यासाठी तुझ्या दारात येत होतो, पोरा. तू जरा कमी चांगला मेकॅनिक असतास, तर पहिल्याच दिवशी सुटलो असतो.”