प्याल्याची कड

लेनोरा विटकम प्रभुभोजनाचा प्याला पुसत होती तेव्हा ऑर्विल हॅस्केट वेदीमागच्या छोट्या खोलीत आला. बूट त्याने दाराशी आपटले होते, तरी थोडा बर्फ आत आलाच. तिने फरशीवरच्या ओल्या ठशांकडे पाहिलं आणि पुन्हा फडक्याकडे.

"आज प्याला तुझ्याकडे?" त्याने विचारलं.

"पाळी माझीच आहे. बाहेर यादी लावलीय. तुझ्याच अक्षरात."

ऑर्विल बावीस वर्षं राज्याच्या सिनेटवर निवडून येत होता. पण सेज फोर्कच्या या एपिस्कोपल चर्चमध्ये तो पाळ्यांची यादी लिहायचा आणि हिवाळ्यात हीटरमधलं तेल बघायचा. बाहेर, वेदीसमोरच्या बाकांवर, सहा-सात माणसं कोट न काढता बसली होती. पाळक मार्गो एक रविवार सोडून नव्वद मैलांवरून येई. ती अजून गाडीतून आपला झगा काढत होती.

"ॲडाशी बदलून घे ना."

"ॲडाचे हात कापतात. गेल्या वेळी अर्धा प्याला गालिच्याला पाजला तिने."

तो हसला नाही. तीही नाही. खिडकीची काच वाऱ्याने खडखडत राहिली.

"मेरिटला जाऊन आज तीन आठवडे झाले, लेनोरा. दफनाच्या दिवशी मी मागे उभा होतो. तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस."

"मी कोणाशीच बोलले नाही."

"मला निवडणुकीला उभं केलं ते मेरिटने. राजधानीला, शायेनला, आम्ही एकाच गाडीतून जायचो. तो खालच्या सभागृहात, मी वरच्या. आणि मीच..."

"सोळा विरुद्ध पंधरा," ती म्हणाली. "माहीत आहे. रेडिओवर सांगितलं तेव्हा मेरिटला इथल्याच दवाखान्यात डायलिसिस लावलेलं होतं. 'ऑर्विल हो म्हणाला वाटतं,' एवढंच म्हणाला. मग नर्सकडे आणखी एक ब्लँकेट मागितलं."

ऑर्विलच्या मताने मंजूर झालेल्या त्या विधेयकाने लहान गावांतल्या दवाखान्यांची सरकारी मदत थांबली. जूनमध्ये सेज फोर्कचं डायलिसिस बंद झालं. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा लेनोरा नवऱ्याला एकशे दहा मैलांवर कॅस्परला नेत होती. जानेवारीत बर्फाने रस्ता बंद झाला आणि एकाहत्तराव्या मैलावर, थांबलेल्या गाड्यांच्या रांगेत, मेरिट तिच्या शेजारच्या सीटवरच वारला.

ऑर्विलने टोपी हातात घेतली.

"प्रार्थनापुस्तकात एक नियम आहे. तुला माहीत असेल. मंडळीतल्या दोघांत द्वेष असेल तर ते एकमेकांना क्षमा करेपर्यंत पाळकाने त्यांना प्रभुभोजन द्यायचं नाही. मार्गोला एवढंच सांग, की तुझ्या मनात माझ्याबद्दल द्वेष आहे. मी मागच्या बाकावर बसून राहीन. मला त्याने बरं वाटेल."

"म्हणजे तुला विरोधी मत हवंय."

"हो. तसं समज."

लेनोराने द्राक्षारस प्याल्यात ओतला. एक थेंब काठावरून ओघळला, तो तिने बोटाने टिपला.

"मी शोधलं, ऑर्विल. रोज सकाळी उठले की बघते, तुझ्यावर राग आलाय का. नाही सापडत. मेरिटसाठी रडू शोधलं, तेही नाही. असतं तर दिलं असतं तुला. माझी गैरहजेरी मांड."

"लेनोरा..."

"जा आता. मार्गो आली. आणि तेल बघ, मला पायाला गार लागतंय."

प्रार्थना झाली. राज्यपालांसाठी आणि कायदे करणाऱ्यांसाठी प्रार्थना आली तेव्हा ऑर्विलने नेहमीप्रमाणे मान खाली घातली. मग सगळे वेदीपुढच्या कठड्याशी येऊन गुडघे टेकून बसले. प्रत्येकाची जागा ठरलेली होती. ऑर्विलच्या उजव्या हाताला, त्याच्या आणि ॲडाच्या मध्ये, गुडघ्यांखाली घ्यायची एक उशी रिकामी होती. तिच्यावर लेनोराने कधीतरी रंगीत दोऱ्याने भरलेला ट्राउट मासा होता. ती जागा कोणी घेतली नव्हती.

मार्गो भाकरीचे तुकडे देत पुढे गेली. ऑर्विलला दिला, मग ॲडाला. मागोमाग प्याला घेऊन लेनोरा आली.

"ख्रिस्ताचे रक्त, तारणाचा प्याला."

"आमेन."

ऑर्विलने प्याल्याचा पाया धरला आणि प्यायला. पिऊन झाल्यावरही त्याची बोटं तिथेच राहिली. तो वर बघत होता. तिच्या चेहऱ्यावर त्याला काहीतरी दिसायला हवं होतं, निदान तिने नजर तरी चुकवायला हवी होती.

"सोड, ऑर्विल," ती हळूच म्हणाली. दुकानात आपल्या आधीच्या गिऱ्हाइकाला सरकायला सांगावं तसं.

त्याने सोडलं. तिने फडक्याने कड पुसली, प्याला थोडा फिरवला आणि एक पाऊल सरकली.

रिकाम्या उशीपुढे ती वाकली. इतरांपुढे वाकली त्याहून जास्त, कारण शेवटच्या वर्षात मेरिटची मान वर होत नसे. प्याला तिने त्या उंचीला नेला आणि किंचित कलता केला.

"ख्रिस्ताचे रक्त, तारणाचा प्याला."

मार्गो भाकरीची थाळी हातात धरून जागीच थांबली. ॲडा आपल्या कापणाऱ्या हातांकडे बघू लागली. लेनोरा तशीच वाकून उभी होती. आमेन ऐकल्याशिवाय पुढे जायचं नसतं, आणि ती वाट बघत होती.



"आमेन," शेवटी ऑर्विल म्हणाला.

लेनोरा सरळ झाली. कोणाचेही ओठ न लागलेली कड तिने फडक्याने नीट पुसली, प्याला थोडा फिरवला आणि ॲडाकडे गेली.