एकदाही न हरलेला

वेल्डरकाका सलूनमध्ये आले आणि रिकाम्या खुर्चीत बसले. तिने मान वर केली नाही. शेजारच्या खुर्चीतल्या टेलरच्या मानेवरचे केस ती ब्रशने झाडत राहिली.

"दाढी करायची होती," ते म्हणाले.

"थांबावं लागेल."

थांबण्यासारखं काही नव्हतं. टेलरचं काम झालंच होतं आणि बाकावर कुणी नव्हतं. बाबा आजारी पडल्यापासून सलून तीच चालवत होती. हा माणूस आला की त्याला परत पाठवायचं आणि पुन्हा येऊ नका म्हणून सांगायचं, हे तिने ठरवून ठेवलं होतं.

बाबांचं आणि काकांचं भांडण सगळ्या गल्लीला पाठ होतं. विषय एकच, एकही लढत न हरता निवृत्त झालेला तो हेवीवेट बॉक्सर. काका त्याच्यापुढे कुणाला मोजत नसत. बाबा म्हणायचे, "कसला मोठा? गुडघे गेलेली माणसं समोर घ्यायची आणि पाडायची. खरे दणकट गडी तयार झाले, तेव्हा हा हातमोजे काढून मोकळा." हे ते नेमकं काकांच्या गळ्यावर वस्तरा असताना बोलायचे, म्हणजे उत्तराची सोयच नाही. एकदा काका अर्ध्या दाढीनिशी उठून चालते झाले होते, एका गालावर फेस, खांद्यावर सलूनचा टॉवेल. दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेली अर्धी करून घ्यायला आले ते दारातूनच सुरू झाले, "समोर येईल त्याच्याशीच माणूस लढणार ना? का घरी जाऊन उठवून आणायचं एकेकाला?"

तेव्हा तिला हसू यायचं.

मग हॉस्पिटलमधली ती दुपार. ती खालून औषधं घेऊन वर आली, तर काका बाबांच्या खोलीतून तरातरा बाहेर पडत होते. "याच्याशी आता बोलण्यात अर्थ नाही," एवढंच पुटपुटले आणि जिना उतरून गेले. आत बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"काय झालं, बाबा?"

"बॉक्सर," बाबा म्हणाले. त्यापुढे बोलायचं त्राण नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते गेले. शेवटचा निरोप द्यायला काका आले, पण सगळ्यांच्या मागे उभे राहिले आणि तिच्याशी एक शब्द न बोलता निघून गेले.

टेलर उठला. आरशात भांग नीट करत म्हणाला, "काय वेल्डर, आता मैदान मोकळं. तुमचा गडी मोठा ठरला. नाही म्हणणारं कुणी उरलं नाही."

टेलर गेला. तिने ब्रश धुतला, टॉवेलची घडी घातली, ती मोडून पुन्हा घातली.

"काका, निदान त्या दिवशी तरी भांडायला नको होतं. त्यांच्यात काही उरलं नव्हतं."

"भांडलो कुठं?"

"मग तसे निघून का गेलात?"

काका आरशाकडे बघत नव्हते. स्वतःच्या हातांकडे बघत होते.

"नवा मुद्दा शोधून नेला होता. म्हटलं, ऐकून पेटेल. दोन शिव्या देईल, उठून बसेल. माझं अर्धंही झालं नाही, तर हात वर करून म्हणाला, राहू दे रे, तुझंच खरं, तोच सगळ्यांत मोठा."

ती जागच्या जागी थांबली.

"इतक्या वर्षांत माझं एक अक्षर मान्य केलं नव्हतं त्याने," काका म्हणाले. "तो कबूल झाला ना पोरी, तेव्हाच मला कळलं, हा चालला."